खालून कापलेला लेख

कोंबडीच्या अंड्यात हृदयाचा पहिला ठोका साधारण दुसऱ्या दिवशी पडतो. त्या वेळी त्या हृदयात रक्त नसते आणि कप्पेही नसतात. एक वाकडी, पारदर्शक नळी असते आणि ती आकसते. हे मला माझ्या मुलीने दाखवले. ती तेव्हा प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन मला दीड वर्ष झाले होते.

गारखेड्यातल्या घरात आम्ही दोघेच राहत होतो. पत्नी जाऊन चार वर्षे झाली होती. मुलगी सकाळी आठला जायची आणि संध्याकाळी सातला परत यायची. मधल्या अकरा तासांत मी तीन वर्तमानपत्रे वाचत असे, त्यांतल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत असे आणि ती रद्दीत टाकत असे. दुपारी दारावरची घंटा वाजली तर ती बहुधा शेजारच्या घरासाठी असे.

एका संध्याकाळी जेवताना तिने विचारले, "बाबा, तुम्हाला एक मिनिट न चुकता मोजता येतं?"

"काय मोजायचंय?"

"ठोके. कुठल्या अंड्यात औषध घातलंय ते मोजणाऱ्याला माहीत नसायला हवं. आमच्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं. तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून तुम्ही चांगले."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. अंडी मी आणतो, असे मीच म्हटले होते आणि चौकातल्या दुकानातून तीस अंड्यांचा ट्रे नेला होता. तीन दिवस ती उबवणपेटीत राहिली. उघडली तेव्हा ती ऊब लागलेली साधी अंडी होती. पेटी बिघडली असावी, असे ठरले आणि एक फिटर बोलावला. हा पन्नाशीचा माणूस फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातला होता. रोज मोटारसायकलीवर शहरात कारखान्याच्या कामाला येई आणि फावल्या वेळात अशी दुरुस्तीची कामे करी. त्याने पेटी तपासली, ट्रेमधले एक अंडे उचलले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"साहेब, पेटीला काय झालं नाय. ही दुकानाची अंडी हायेत. ह्यांच्या आईनं कोंबडा बघितलाच नाय कधी."

मुलगी हसता हसता खुर्चीवर बसली. घरात तिला असे हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

तेव्हापासून दर गुरुवारी तो त्याच्या घरची गावरान अंडी आणू लागला. स्टीलच्या डब्यात गव्हाचा भुसा आणि भुशात अंडी, रुंद टोक वर करून. डबा देताना तो त्यांची माहिती सांगे. "ह्यांचा बाप गावातला लई भांडखोर कोंबडा हाय. ठोके जपून मोजा." एकदा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ती आकसणारी नळी बघितली. बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाला, "काळीज आधी, कोंबडी मागून. व्हय ना, ताई?" मुलगी म्हणाली, "अगदी बरोबर." त्याने हे वाक्य घरी जाऊन सांगितले असणार. पुढे ते मी त्याच्या सुनेच्या तोंडूनही ऐकले.

मुलीचा विषय हृदयाच्या पेशीतली कॅल्शियमची दारे हा होता. पेशीच्या पातळ आवरणात ही बारीक दारे असतात. दार उघडले की कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आकसते. दार मिटते, कॅल्शियम बाहेर काढले जाते आणि पेशी सैल पडते. ठोका म्हणजे एवढेच. पूर्ण वाढलेल्या हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचा साठा आतच असतो. दारातून थोडे आले की बाकीचे त्या साठ्यातून सुटते. कोवळ्या पेशीत हा साठा अजून नीट तयार झालेला नसतो. ती बाहेरून जे येईल त्यावर चालते. शिवाय येणारे कॅल्शियम फक्त ठोक्यासाठी नसते. पेशीतले आकसणारे तंतू कसे रचायचे, याच्या सूचनाही त्यातूनच मिळतात, असे तिने मला सांगितले. मग वाढीच्या दिवसांत ही दारे बंद ठेवली तर त्या रचनेचे काय होते, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता. दारे बंद करायला ती जे औषध वापरत होती, ते माणसांना रक्तदाबासाठी देतात त्याच गटातले होते.

अंड्याच्या कवचाला बारीक कात्रीने खिडकी पाडायची, थेंब सोडायचा, चिकटपट्टीने खिडकी बंद करायची आणि अंडे पुन्हा पेटीत ठेवायचे. हे सगळे ती करी. मी फक्त मोजत असे. अंड्यांवर नुसते आकडे असत. एका मिनिटाचे ठोके मोजून मी आकडा सांगे आणि ती लिहून घेई. मग पुढचे अंडे. दोन-तीन तासांत आमच्यात आकड्यांशिवाय बोलणे होत नसे. आमच्या कोपरांमध्ये वीतभर अंतर असे.

कधी ती हृदयातल्या पेशी सुट्या करून बशीत ठेवी. सुटी झालेली प्रत्येक पेशी आपापल्या तालात आकसते. एकमेकींना चिकटल्या की त्या एका तालात येतात. मी विचारले, "एखादी एकटीच राहिली तर?"

"काही दिवस चालते," ती म्हणाली. "मग थांबते." आणि तिने पुढची बशी ठेवली.

पावसाळा संपेपर्यंत निकाल दिसू लागले. औषध घातलेल्या अंड्यांत ठोके कमी पडत होते. रंग देऊन पाहिल्यावर निरोगी पेशीत तंतूंचे पट्टे कवायतीच्या रांगांसारखे दिसत, औषध घातलेल्या पेशीत ते तुटक आणि विस्कटलेले असत. मी म्हटले, यावर रविवार पुरवणीत एक लेख लिहितो. ती तयार नव्हती. दोन दिवसांनी तिने होकार दिला, पण एका अटीवर. हे अंड्यातले निरीक्षण आहे, त्यात घातलेले औषध माणसाच्या रक्तात असते त्याच्या कितीतरी पट जास्त असते, आणि कुणीही, विशेषतः गरोदर बाईने, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये, हे लेखात असायलाच हवे.

"शेवटचा परिच्छेद तोच आहे," मी म्हणालो.

"राहील ना तो?"

"माझा लेख कोण कापणार?"

मजकूर जास्त झाला तर तो खालून कापायचा, हा डेस्कवरचा पहिला धडा. म्हणून महत्त्वाचे ते वर लिहायचे. मी स्वतः आयुष्यभर इतरांचे लेख खालून कापले होते. पण हा लेख मला बातमीसारखा लिहायचा नव्हता. सुरुवात अंड्यातल्या पहिल्या ठोक्याने केली होती. मधे फुलंब्रीची गावरान अंडी आणि त्यांचा भांडखोर बाप आला होता. इशारा शेवटी ठेवला, कारण मुलीच्या प्रबंधातही मर्यादा शेवटी लिहिलेल्या होत्या आणि तिथे तो परिच्छेद वाचायला चांगला वाटत होता.

रविवारी सकाळी पुरवणी उघडली. खालच्या बाजूला दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात आली होती आणि लेख अकरा ओळींनी लहान झाला होता. शेवटचा परिच्छेद नव्हता. मथळाही बदललेला होता : "रक्तदाबाच्या गोळीने गर्भातले हृदय मंदावते?" प्रश्नचिन्ह लावले की जबाबदारी निम्मी होते, असे आमच्याकडे समजत असत.

मी पुरवणी पाहणाऱ्या मुलाला फोन केला. तो माझ्या हाताखाली तयार झालेला होता.

"सर, जाहिरात आयत्या वेळी आली. अकरा ओळी जास्त होत होत्या. खालून घेतल्या."

"मला विचारायचं होतंस."

"सर, तुम्हीच शिकवलंय ना? फोन करत बसू नका, खालून घ्या म्हणून."

खुलासा पुढच्या रविवारी घेतो, असे तो म्हणाला. मुलीने लेख उभ्यानेच वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेली. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

पुढच्या गुरुवारी अंडीवाला आला नाही. त्याच्या सुनेचे डोहाळजेवण होते आणि दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, बिडकीनला पोचवायचे होते, हे त्याने आधीच सांगितले होते. पुढच्या रविवारी पुरवणीत जागा नव्हती म्हणून खुलासा आला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी तो नेहमीप्रमाणे नऊ वाजता डबा घेऊन आला. खूश होता.

"साहेब, पाच पेपर घेतले. सगळ्या गल्लीत वाचून दावला. आमच्या कोंबड्याचं नाव काढलं तुमी!" मग डबा टेबलावर ठेवत म्हणाला, "अन् बरं झालं येळेवर आला लेख. सुनंला तालुक्याच्या डॉक्टरनं बीपीची गोळी दिली होती. तीच निघाली. त्याच दिवशी बंद केली म्या."

मुलीच्या हातातली कात्री थांबली. "किती दिवस झाले?"

"त्या रविवारपासून. अकरा-बारा दिस झाले असतील की."

"बीपी परत तपासलं?"

"माहेरी कोण तपासतंय, ताई? चांगली हाय ती. पाय तेवढे सुजलेत म्हणत होती काल. दिसांत असतंच ते."

तिच्या माहेरी फोन नव्हता. गल्लीतल्या दुकानात होता, तो लागला नाही. मी त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसलो. मुलगी म्हणाली, मी ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून थेट मोठ्या दवाखान्यात येते, तुम्ही तिला तिथेच घेऊन या. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती.

पैठणच्या रस्त्याने जाताना तो सारखा मान वळवून विचारत होता. "साहेब, पण लेखात तर तसंच होतं ना? मी दोनदा वाचला." मी म्हणालो, "लेख पूर्ण आला नाही. गोळी बंद करू नका, असं पुढं लिहिलं होतं." तो म्हणाला, "म्हंजे मलाच नीट वाचता आलं नाय." मी म्हणालो, तसे नाही, ते छापलेच नव्हते. वाऱ्यात त्याला ते कितपत ऐकू गेले ते सांगता येत नाही.

बिडकीनच्या घरात सून भिंतीला टेकून बसली होती. विशीची असावी. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले. दोन दिवसांपासून डोके दुखत होते. तिच्या आईने दृष्ट काढली होती. आम्ही उठ म्हणालो तेव्हा तिने एवढेच विचारले, "काय झालं, मामंजी? बाळाला काय झालं?" शेजारच्यांची जीप मिळाली. दुपारी एकच्या आधी आम्ही शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो. मुलगी दारातच उभी होती.

ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. "गोळी कुणी बंद केली?"

"म्या," सासरा म्हणाला.

"माझ्या लेखामुळे," मी म्हणालो.

"कुणामुळं का असेना. आता फिट यायच्या आत हे खाली आलं पाहिजे." त्यांनी परिचारिकेला औषध सांगितले. ते त्याच गटातले होते, दारे बंद करणारे. अशा वेळी वापरायच्या औषधांपैकी ते एक आहे, हे मला नंतर कळले. परिचारिकेने गोळीचे पाकीट फाडले तसा सुनेने हात मागे घेतला.

"हीच ना ती?"

"हीच. घ्या लवकर."

"मी नाय घेणार. ह्यानं बाळाचं काळीज थांबतंय. पेपरात आलंय."

परिचारिका म्हणाली, "अगं बाई, पेपरवाले येणारेत का तुझं बाळंतपण करायला?" सासऱ्याने समजावले. आई रडू लागली. सुनेने तोंड घट्ट मिटून घेतले होते. मग तिने माझ्या मुलीकडे पाहिले.

"तुमीच ना त्या अंड्यावाल्या ताई? काळीज आधी, कोंबडी मागून म्हणणाऱ्या? तुमी सांगा. तुमी डोळ्यानं बघितलंय ना थांबताना?"

"मंद होताना बघितलंय," मुलगी म्हणाली. "अंड्यात. आम्ही तिथं इतकं औषध घालतो की तेवढं माणसाच्या अंगात कधीच नसतं. आणि आत्ता तुमचं बीपी उतरलं नाही, तर तुम्ही दोघंही धोक्यात आहात. घ्या."

"मंग हे पेपरात का नाय लिहिलं?"

मुलगी माझ्याकडे वळली. त्या दिवसात पहिल्यांदा.

"लिहिलं होतं," मी म्हणालो. "अगदी शेवटी. जागा कमी पडली की शेवटचं कापतात. ते कापलं."

"तुमाला म्हाईत होतं? शेवटचं कापतेत ते?"

"हो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. डोके दुखत असल्याने तिला डोळे उघडे ठेवणे अवघड जात होते, तरी पाहत राहिली.

"मंग वरच लिहायचं होतं ना," ती म्हणाली आणि गोळीसाठी मुलीपुढे हात केला.

तासाभरात रक्तदाब थोडा उतरला. चौथ्या दिवशी ऑपरेशन करून मूल काढले. मुलगी होती. दिवस भरायला बराच अवकाश होता आणि वजन फारच कमी होते. तिला काचेच्या पेटीत ठेवले. सासरा बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. "आमची बी पेटीत ठिवली, साहेब," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. पेटीपाशी फक्त आईला सोडत. आम्ही बाहेरच बसत होतो. मी रोज अकरा ते एक जात असे. आठवडाभराने मुलगी म्हणाली, "रोज जाऊ नका, बाबा. तुम्ही बसलात की त्या लोकांना तुमच्यासाठी चहा आणावा लागतो."

खुलासा आला. आतल्या पानावर, चार ओळी. मी परिच्छेद पूर्ण छापा म्हणालो होतो. त्यांनी "अनवधानाने राहून गेलेला भाग" असे म्हणून त्याचा सारांश दिला. मुलीच्या मार्गदर्शकांनी तिला बोलावून घेतले. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत बाहेरच्या व्यक्तीला येण्यास मनाई झाली. बाहेरची व्यक्ती मी एकटाच होतो. मोजणीसाठी तिने एक विद्यार्थिनी घेतली. आमचे बोलणे बंद झाले नाही. भाजी, गॅस, विजेचे बिल यांवर बोलणे होत असे. ठोक्यांचे आकडे मी एक-दोनदा विचारले. ती म्हणाली, "ठीक चाललंय."

बाळ दीड महिन्याने पेटीतून बाहेर आले आणि आईबरोबर बिडकीनला गेले. तिसऱ्या महिन्यात सून सासरी आली, तेव्हा लांबलेले बारसे फुलंब्रीजवळच्या त्या घरी ठरले. सासरा स्वतः आमंत्रण द्यायला गारखेड्याला आला. म्हणाला, "साहेब, तुमी आलंच पाहिजे. तुमी गाडीवर बसून आलात म्हणून पोर वाचली. समद्या गावाला म्हाईत हाय."

मी म्हणालो, "तसं झालं नाही. माझ्यामुळंच ती वेळ आली."

"ऱ्हाऊ द्या ओ. तुमची जात मोठेपणाची."

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "जा तुम्ही. बोलावतायत ना." मी विचारले, तू येणार का? ती म्हणाली, "मी येणारच आहे. मला तिच्यासाठी जायचंय."

आम्ही एकाच बसने गेलो. अंगणात मांडव होता. बायका पाळण्याभोवती होत्या आणि पुरुष सतरंजीवर. जेवणाआधी सासऱ्याने मला उभे केले. कपाळाला कुंकू लावले, टॉवेल-टोपी दिली आणि जमलेल्या लोकांना सांगितले की, हे पेपरातले मोठे साहेब, यांनी आमच्या सुनेला वेळेवर दवाखान्यात नेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "मला एक सांगायचं आहे." कुणीतरी म्हणाले, "साहेब बोलतेत, ऐका, ऐका." मी सांगितले की लेख माझा होता, चूक माझी होती, गोळी त्या लेखामुळे बंद झाली. एक म्हातारा म्हणाला, "एवढा मोठा माणूस, पण बघा, चूक आपल्या अंगावर घेतो." पुन्हा टाळ्या पडल्या आणि पत्रावळी मांडायला सुरुवात झाली.

जेवणे झाल्यावर सून बाळाला घेऊन बाहेर आली. सूज गेल्यामुळे मी तिला चटकन ओळखले नाही. आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मांडीवर ती मूल ठेवत होती. ज्याने त्याने डोक्यावरून हात फिरवायचा, हातात काही ठेवायचे आणि मूल परत द्यायचे. म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवले. तिच्या वडिलांच्या मांडीवर ठेवले. मग माझ्या मुलीच्या. मुलीने बाळाच्या छातीवर दोन बोटे टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. सून तिच्याकडे पाहून हसली. "ठीक हाय ना, ताई?"

"एकदम ठीक."

मुलीच्या शेजारी मी बसलो होतो. मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि मांडी नीट केली. सुनेने बाळ उचलले. एक पाऊल माझ्याकडे टाकले आणि थांबली. सासरा मागून म्हणाला, "दे ना साहेबांजवळ." तिने माझ्याकडे पाहिले, दवाखान्यात पाहिले होते तसेच, फक्त या वेळी डोळे पूर्ण उघडे होते. झाले ते नेमके माहीत असलेली आणि ते तसेच लक्षात ठेवलेली, माझ्या मुलीखेरीज, त्या अंगणात ती एकटीच होती.

"झोपलीय ती, मामंजी," ती म्हणाली. बाळ जागे होते. ते घेऊन ती आत गेली.